दिवे घाटाच्या अलीकडचा डोंगर

॥ रामकृष्णहरी ॥

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरी विसावते आणि तिथला मुक्काम संपवून भल्या पहाटे सासवडची वाट धरते. तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. चाल लांबची, त्यात दिवे घाटाची चढण. हडपसर मागे पडले की फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी नाला आणि मग घाट. या वाटेने जो एकदा चालला, त्याला घाटाची वळणे आणि त्यांवरून चढत जाणारी पताकांची रांग जन्मभर विसरता येत नाही.

पण सज्जनहो, या घाटाच्या अलीकडे आणखी एक डोंगर आहे. तो देवाने घातलेला नाही. तो शहराने घातला, आणि लपवून काय उपयोग, त्यात आपण वारकऱ्यांनीही दरसाल आपली भर घातली. तो कचऱ्याचा डोंगर. तरुणपणी मी पहिली वारी केली तेव्हा तो नव्हता. तेव्हा आमच्या पडशीत ज्याची त्याची ताटली आणि तांब्या असे. पंगत बसली तर पळसाच्या पानांची पत्रावळ असे. जेवण झाले की ती गुरे खात, नाहीतर मातीत मिसळून जाई. मागे काही उरत नसे.

पंधरा-वीस वर्षांमागची गोष्ट सांगतो. आमची दिंडी उरुळीच्या फाट्याजवळ फराळाला टेकली होती. गावातली एक म्हातारी वारकऱ्यांना केळी वाटत होती. मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, केळे खाल्ले, साल थर्माकोलच्या ताटलीत घातली आणि ताटली रस्त्याच्या कडेला ठेवून दिली. ठेवली कसली, टाकलीच. म्हातारीने वाकून ती उचलली. साल काढून टोपलीत टाकली, ताटली झटकून पोत्यात भरली. मी ओशाळून म्हणालो, "राहू द्या माउली, गाडी येऊन घेऊन जाईल."

ती हसून म्हणाली, "नेणार कुठं महाराज? हितनं उचलत्याल आन् हितंच आणून टाकत्याल. काल पुण्यात ज्या ताटल्यांत जेवलासा, त्या तुमच्या आधी हितं पोचल्यात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. त्या रात्री सासवडला माझी कीर्तनसेवा होती. ज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी शुचित्वाचे निरूपण केले आहे, अंतर आणि बाह्य दोन्ही निर्मळ हवे असे समजावले आहे. नेमके तेच मी सांगायला घेणार होतो. टाळ सुरू झाले आणि मला ती वाकलेली म्हातारी दिसू लागली. सेवा कशीबशी पार पडली. पण तेव्हापासून एक नाद लागला. शहराचा केर जातो कुठे, पूर्वी कुठे जात होता, आणि तो कोणाच्या डोक्यावर जात होता, हे जाणत्यांना विचारत आणि वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आज मांडतो.

जुन्या काळी घरचा केर म्हणजे काय असे? राख, शेण, पालापाचोळा, भाजीचे देठ. प्रत्येक वाड्यामागे, प्रत्येक गोठ्याशेजारी उकिरडा असे. वर्षाकाठी तो शेतात जाई आणि त्याचे धान्य होऊन परत येई. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती दैना फिटत असे, कारण उकिरड्यात जे पडे ते मातीचेच होते.

एकोणिसाव्या शतकात पुणे वाढले. लष्कर आले, रेल्वे आली, वस्ती दाटली. शहराच्या मैल्याचे सोनखत करून शेतकऱ्यांना विकण्याची रीत पडली. खडकवासल्याचे धरण होऊन मुठेचा कालवा वाहू लागल्यावर हडपसरकडच्या उसाच्या मळ्यांत ते जाऊ लागले. नाव पाहा, सोनखत! ऊस गोड झाला, शहर स्वच्छ राहिले, मातीला खत मिळाले. हिशेब चोख दिसतो. पण त्या हिशेबातला एक आकडा कोणी मांडत नसे. हे सोने डोक्यावरून वाहून नेणारा माणूस ठरलेल्या जातीत जन्मलेला असे. त्याला पाणवठ्यावर जागा नव्हती, देवळाच्या पायरीवर नव्हती. शहराने मैल्याचे सोने केले, वाहणाऱ्याचे मात्र मोल केले नाही. जुने ते सगळे चांगले होते, असे म्हणताना आपण हे विसरू नये. चोखोबांना देवळाबाहेर उभे करणाऱ्या समाजाचीच ती रीत होती. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. गावाचे रक्षण करणारी भिंत बांधायला ते चालत होते, गावात राहायला चालत नव्हते.

मग १८९६-९७ साली प्लेग आला. मुंबईहून तो पुण्यात शिरला आणि पेठा ओस पडू लागल्या. सरकारने रँड साहेबाच्या हाती कारभार दिला. गोरे शिपाई घरात घुसून झडती घेऊ लागले, माणसे उचलून नेऊ लागले, सामान जाळू लागले. रोग खरा होता, घाणही खरी होती आणि उपाय करणे जरूर होते. पण ज्यांच्यासाठी उपाय, त्यांना विश्वासात कोणी घेतले नाही. माणसे रोगी लपवू लागली. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच प्लेगात, त्याच पुण्यात दुसरे एक चित्र होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. रोग्यांना उचलून आणता आणता सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. एका बाजूला हुकूम, दुसऱ्या बाजूला सेवा. शहर स्वच्छ करण्याच्या या दोन वाटा तेव्हापासून पुण्यापुढे आहेत.

स्वातंत्र्यानंतर, १९५० साली पुण्याची महापालिका झाली. शहर दुप्पट, चौपट वाढले. केरात आता नुसता पालापाचोळा राहिला नाही. काच आली, पत्रा आला, पुढे प्लास्टिक आले. आणि शहराने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे टाकायचे कुठे? वस्तीपासून लांब म्हणून कोथरूडला डेपो झाला. कोथरूड हे तेव्हा गावाबाहेर होते. काही वर्षांत वस्ती तिथवर पोचली. वास येतो, अशी ओरड झाली. मग आणखी लांब, म्हणून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गाड्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माळाकडे वळल्या. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. उरुळीला मात्र सुमारे १६३ एकरांवर डोंगर उभा राहिला.

"लांब" हा शब्द किती फसवा आहे पाहा. लांब म्हणजे आपल्यापासून लांब. कोणाच्या तरी तो दारातच असतो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरले आणि आसपासच्या विहिरी बिघडल्या. गावाला टँकरचे पाणी प्यायची वेळ आली. ओला आणि सुका एकत्र कुजला की आत वायू धरतो आणि मग आगी लागतात, धूर दिवसेंदिवस विझत नाही. गावकरी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरले. २०१७ च्या उन्हाळ्यात तर आगीनंतर त्यांनी तीन आठवड्यांच्या आसपास गाड्या अडवून धरल्या आणि पुण्याच्या चौकाचौकांत ढीग साचले. त्याच वर्षी ही दोन्ही गावे शहराच्या हद्दीत घेतली गेली आणि २०२४ साली पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचे ठरले. हद्द आत आली, बाहेर गेली, डोंगर जागचा हलला नाही. अलीकडे यंत्राने जुना कचरा चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळे करण्याचे काम तिथे चालते. चांगलेच आहे. पण जे घरात दोन बोटांनी वेगळे झाले असते, ते डोंगर झाल्यावर वेगळे करायला केवढा खटाटोप आणि केवढा पैसा!

इथे मला आपल्या शास्त्रातला एक शब्द आठवतो. आपण कीर्तनात "विवेक, विवेक" म्हणतो. त्या शब्दाचा धात्वर्थच मुळी वेगळे करणे असा आहे. सार आणि असार, नित्य आणि अनित्य एकमेकांत कालवलेले असते ते निवडणे म्हणजे विवेक. दूध आणि पाणी निवडणाऱ्या हंसाचा दृष्टान्त आपण त्यासाठीच देतो. केराचेही तेच आहे, माउली. भाजीचे देठ वेगळे ठेवले तर त्यांचे खत होते. कागद कोरडा राहिला तर त्याचा पुन्हा कागद होतो. शहराच्या केरात निम्म्याच्या आसपास ओला असतो आणि ओला म्हणजे उद्याची मातीच. पण आमटीचा तळ त्याच पिशवीत ओतला की कागद वाया गेला आणि काचांचे तुकडे शिरले की खतही वाया गेले. निवडले असते तर दोन्ही वस्तू होत्या. कालवल्यावर दोन्हींचा कचरा झाला. कचरा जन्मतः कचरा नसतो, आपल्या अविवेकाने तो तसा होतो.

पुण्यात हा विवेक कोणी केला? विद्वानांनी नाही, आम्हां कीर्तनकारांनीही नाही. खांद्यावर पोते घेऊन कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी केला. बहुतेक दलित समाजातल्या, अनेकजणी दुष्काळी भागातून आलेल्या. लोक त्यांना हटकत, कुत्री अंगावर धावत, चोरीचा आळ येई. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साथीने त्या एकत्र आल्या आणि "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" उभी राहिली. नावातच कामाचा पत्ता आहे. आम्ही उपकार मागत नाही, शहराचे काम करतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे पालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ पासून "स्वच्छ" या त्यांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम आले. घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम, आणि सुक्यातले जे विकले जाईल ते त्यांचे. तीन हजारांहून अधिक कष्टकरी या कामात आले. कुंडीत वाकून वेचणारी बाई दारात उभी राहून हक्काने कचरा मागू लागली. हा फरक लहान नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट लोकांना शिकवली. घरातल्या स्त्रियांचे आणि लहान मुलांचे वापरलेले कपडे-पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे ते आम्हाला उघड्या हाताने उलगडावे लागणार नाही. एक ठिपका! त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. पुढच्या माणसाच्या हाताचा विचार लागतो. शुचित्वाची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

कायदाही हळूहळू याच वाटेवर आला. २००० साली देशाने शहरी कचऱ्याचे नियम केले आणि २०१६ साली ते नव्याने घडवले. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा प्रत्येकाने आपल्या घरीच वेगळा करावा, हे त्यात स्पष्ट होते. आपल्या मराठी माणसांचे जुने नाते असलेल्या, होळकरांच्या इंदूर शहराने हे मनावर घेतले. त्यांनी आधी घरोघरी वेगवेगळा कचरा घेण्याची शिस्त लावली, मग रस्त्यावरच्या कुंड्या काढल्या आणि मग देवगुराडियाचा जुना ढीग चाळून मोकळा केला. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातल्या स्वच्छ शहरांत त्यांचा पहिला क्रमांक लागत आला. लक्षात घ्यावी ती क्रमाची गोष्ट. आधी उंबरठा, मग रस्ता, मग डोंगर. आपल्याकडे बहुतेक शहरे उलट्या टोकाने सुरुवात करतात. मोठे यंत्र आधी येते, आणि निवडलेला कचराच मिळत नाही म्हणून ते बंद पडते.

म्हणून मला कोणी विचारले, की महाराज, शहराने पहिले काय करावे, तर माझ्या अल्पमतीप्रमाणे क्रम असा सांगेन. पहिला विवेक. घरातच निवडावे. दुसरी सेवेची बूज. जो हात आपला केर उचलतो त्याला हातमोजे, पुरते वेतन, आजारपणात आधार आणि "अहो-जाहो" मिळावे. तिसरी मर्यादा. ज्या भागाचा ओला कचरा, त्याच भागात त्याचे खत व्हावे, दुसऱ्याच्या विहिरीवर त्याचा भार पडू नये. आणि यंत्र चौथे. चौथ्याला पहिल्या पाटावर बसवले की पंगत बिघडते.

कोणी म्हणेल, हा विषय परमार्थाच्या मासिकात कशाला? माउली, गाडगेबाबांनी काय केले? शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा अवलिया ज्या गावी जाई तिथे आधी खराटा हाती घेई. गाव झाडून व्हायचे, मग रात्री कीर्तन. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. यात्रेत वाळवंट झाडण्यात त्यांना देवदर्शनाइतकेच समाधान होते. आणि त्याच्याही आधी जनाबाई. तिच्या झाडलोटीत, दळणात, शेणी वेचण्यात देव येऊन हातभार लावी, ही आपली श्रद्धा. आपण ती कथा रंगवून सांगतो, श्रोते डोळे पुसतात. पण देव जिच्या हाताला हात लावतो, ती केर काढत असते, इकडे आपले लक्ष जात नाही.

शिवाय हा विषय पंढरीपर्यंत पोचतोच. पुण्या-पिंपरीच्या नद्या भीमेला मिळतात. भीमा उजनीत साठते. तेच पाणी पुढे चंद्रकोरीचे वळण घेऊन चंद्रभागा होते. पुण्यात नदीत जे सोडले, ते आपण पायी पोचण्याआधी पंढरपूरच्या वाटेला लागलेले असते. त्या म्हातारीचे बोलणे इथेही खरे ठरते. ज्या पाण्यात आपण स्नानाला उतरतो, त्याचा हिशेब आळंदी-पुण्यातच मांडला गेलेला असतो.

वारीत बदल होत नाही असे नाही. २०१५ पासून "निर्मल वारी" म्हणून मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहू लागली आणि सकाळी गाव सोडताना मागे जी दशा राहत असे, ती पुष्कळ सुधारली. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली. तरीही पालखी पुढे गेल्यावर रस्त्याकडे मागे वळून पाहावे. पाण्याच्या बाटल्या, कागदी पेले, रेनकोटाच्या फाटक्या पिशव्या. अन्नदान करणाऱ्यांचा भाव शुद्ध असतो, घेणाऱ्याची भूकही खरी असते. पण दान ज्या पेल्यातून दिले, तो पेला कोणाच्या शेतात जाईल हा विचार दानातच धरायला हवा. दिंडीचालकांनी एवढा नेम करावा, की ताट-तांब्या बरोबर असल्याशिवाय दिंडीत नाव नोंदवायचे नाही. माळ आणि पताका जशी, तसे ताट.

आता गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे, वारी घरूनच होते. गेल्या वर्षी नातू पहिल्यांदा चालला. निघताना मी त्याच्या पाठपिशवीत माझी जुनी पितळी ताटली आणि तांब्या घातला. जड होते म्हणून कुरकुरला. मी म्हटले, उरुळीच्या फाट्यावर फराळ कर आणि ताटली तिथेच धुऊन घे. परत आल्यावर त्याला विचारले. म्हणाला, "आजोबा, ताटली धुवायला तिथल्या एका काकूंनी पाणी दिलं. पण जपून वापर म्हणाल्या, टँकरचं आहे."

तिथले पाणी अजून टँकरचेच आहे. तेवढे ते विहिरीचे होईपर्यंत, सज्जनहो, शुचित्वावरचे आपले निरूपण अपुरेच राहणार.

॥ रामकृष्णहरी ॥